दोन झेंड्यांचा मुलूख

सुटी लागली की आपण मंडळी कोकणात जातो, महाबळेश्वरला जातो. हल्ली तर केरळ आणि काश्मीर म्हणजे शेजारच्या आळीत जाऊन आल्यासारखे झाले आहे. पण 'यंदा आम्ही सहकुटुंब नांदेड-लातूरला चाललो' असे हौसेने सांगणारे गृहस्थ मला तरी आजवर भेटलेले नाहीत. लातूर म्हटले की आपल्याला तीन गोष्टी आठवतात : १९९३ चा किल्लारीचा भूकंप, २०१६ ची पाण्याची रेल्वे आणि बारावीच्या गुणांचा 'लातूर पॅटर्न'. नांदेड म्हटले की गुरुद्वारा. तेवढ्यात आपला तिकडचा भूगोल आटोपतो. दुसऱ्याला कशाला नावे ठेवू? माझे आजोळ कंधार तालुक्यातले आणि मी मराठीचा प्राध्यापक. तरी माझी मजल याच्या फारशी पुढे गेलेली नव्हती. ती गेली, याचे श्रेय माझ्या एका विद्यार्थिनीला आहे.

त्याचे असे झाले. प्रथम वर्षाच्या वर्गाला मी 'आमच्या गावचा एक दिवस' असा निबंध लिहायला दिला होता. वह्या तपासताना एका वाक्यापाशी माझे तांबडे पेन थबकले. 'आमच्या गावात स्वातंत्र्यदिन वर्षातून दोनदा येतो,' असे त्या मुलीने लिहिले होते. मी मास्तरी बाण्याने त्यावर भले मोठे प्रश्नचिन्ह काढले आणि समासात लिहिले, 'विधान तपासा.' दुसऱ्या दिवशी तास संपल्यावर ती वही घेऊन आली. मुलगी वसतिगृहात राहणारी, एरवी भिडस्त. पण त्या दिवशी ठाम होती.

"सर, हे चुकलं नाही. पंधरा ऑगस्टला देशाचा झेंडा असतो आणि सतरा सप्टेंबरला आमचा. दोन्ही दिवशी शाळेत खाऊ असतो." मग जरा थांबून म्हणाली, "तुम्हीच सांगितलं होतं ना सर, तुमचं आजोळ कंधारकडचं आहे म्हणून? मग तुम्हाला तर ठाऊक असंल की."

ठाऊक होते आणि नव्हतेही. तारीख ठाऊक होती. पण आपल्या घरातल्या माणसाचा फोटो भिंतीवर असावा आणि त्याचे नाव सांगता येऊ नये, तशातला प्रकार. त्या संध्याकाळी मी घरी जाहीर केले, "सप्टेंबरात चार दिवस आजोळी जाऊन येतो."

"तिथं आता आहे कोण?" सौभाग्यवतींनी विचारले.

"मामा आहेत. आणखी कोण कोण आहे, तेच बघून येतो."

निघण्यापूर्वी वाचकांना थोडा इतिहास सांगणे भाग आहे. कंटाळू नका, मी तो तासाच्या मानाने पुष्कळच लवकर संपवीन. १५ ऑगस्ट १९४७ रोजी देश स्वतंत्र झाला, तेव्हा आजचा सारा मराठवाडा निजामाच्या हैदराबाद संस्थानात होता. संस्थानात सोळा जिल्हे. त्यांतले आठ तेलुगू, पाच मराठी आणि तीन कानडी. राज्यकारभार उर्दूत. सभा भरवायची तर 'गश्ती निशाण ५३' नावाच्या फर्मानाखाली आधी सरकारची परवानगी हवी. १९३८ साली हैदराबाद स्टेट काँग्रेस रीतसर स्थापन होण्याच्या आतच तिच्यावर बंदी आली. सातवे निजाम मीर उस्मान अली खान यांनी भारतात सामील न होता स्वतंत्र राहायचे ठरवले आणि त्यांच्या पाठबळाला कासीम रझवीचे रझाकार उभे राहिले. समोर होते स्वामी रामानंद तीर्थ आणि त्यांचे सहकारी. दिल्लीत तिरंगा चढला त्याच दिवशी हैदराबादेत तिरंगा फडकवला म्हणून स्वामीजींना तुरुंगात जावे लागले. अखेर १३ सप्टेंबर १९४८ ला भारतीय सैन्य संस्थानात शिरले आणि १७ तारखेला निजामाने माघार घेतली. म्हणजे तिकडचे स्वातंत्र्य आपल्यापेक्षा तेरा महिने आणि दोन दिवस उशिराचे. लोक त्याला आजही 'पोलीस ॲक्शन' म्हणतात. त्याचे मराठी भाषांतर करण्याच्या भानगडीत कोणी पडलेले नाही.

रात्रीच्या गाडीने निघालो आणि उजाडता उजाडता लातूरला उतरलो. कुर्डुवाडीहून बार्शीमार्गे लातूरला पूर्वी 'बार्शी लाइट'ची चिमुकली गाडी येत असे. तिचाच मार्ग पुढे रुंद झाला, आणि २०१६ साली मिरजेहून तहानलेल्या लातूरला पाणी आले ते याच वाटेने. १९४८ साली मात्र बार्शी भारतात होती आणि लातूर निजामाच्या राज्यात. एका गाडीच्या दोन टोकांना दोन राज्ये! सरहद्दीवरून लढणाऱ्यांचे जे तळ होते, त्यांतला एक बार्शीलाच होता.

स्टेशनाबाहेर एका हॉटेलात शिरलो. पोऱ्याने विचारले, "सुशीला घेणार का?" मी दचकलोच. माझ्याबरोबरच्या एका प्रवाशाने खुलासा केला, की सुशीला म्हणजे भिजवलेल्या चुरमुऱ्यांचा फोडणी दिलेला उपमा. बशीभर सुशीला आणि वर कडक चहा घेतल्यावर रात्रीचा शीण पळाला.

लातूरचा मध्यबिंदू म्हणजे गंजगोलाई. मधोमध देऊळ, भोवती गोल बाजारपेठ आणि तिच्यातून फुटलेले सोळा रस्ते. १९१७ सालची ही आखणी आजही पाहण्यासारखी आहे. तिथे मला एक निवृत्त गुरुजी भेटायचे होते. मामांनी त्यांचा पत्ता दिला होता. डोक्यावर टोपी, हातात छत्री, वय ऐंशीच्या घरात. चालता चालता ते म्हणाले, "कासीम रझवी इथलाच वकील, ठाऊक आहे ना? लातूरच्या कोर्टात कामं चालवायचा. पोलीस ॲक्शननंतर पकडला गेला, शिक्षा भोगली, १९५७ ला सुटला आणि पाकिस्तानात गेला. बाहेरचे लोक आले की आधी त्याचंच घर विचारतात. मी म्हणतो, दाखवतो. पण आधी दुसरी चार घरं दाखवतो, मग ते."

गुरुजींचा एक उद्योग मला फार आवडला. ते आणि त्यांचे चार-पाच निवृत्त सोबती ऑगस्टच्या अखेरीपासून १७ सप्टेंबरपर्यंत आसपासच्या शाळांत फिरतात. वर्गात गेले की पोरांना म्हणतात, "तुम्ही तुमच्या गावाचं नाव सांगा, मी तुमच्या गावचा माणूस सांगतो." कोणी निरोप्या, कोणी तुरुंगात गेलेला, कोणी जंगल सत्याग्रहात शिंदीची झाडे तोडलेला, कुठे लढणाऱ्यांना रात्री-अपरात्री भाकरी थापून देणारी एखादी म्हातारी. पोरे घरी जाऊन विचारतात आणि दुसऱ्या वर्षी गुरुजींच्या वहीत दोन नावांची भर पडते. मी विचारले, "तुमच्या संस्थेचं नाव काय?"

"नाव नाही. पावतीपुस्तक नाही, अध्यक्ष नाही, त्यामुळं भांडणही नाही," गुरुजी हसले. "शौर्याचा मान करायला कचेरी कशाला पाहिजे? माणूस आठवला की मान झाला."

हे वाक्य मी पुढच्या सगळ्या प्रवासात मनात घोळवीत होतो. खरेही वाटत होते आणि पुरे पडणार नाही असेही वाटत होते. आठवायचे ते कोणाला आणि कशासाठी, हा प्रश्न उरतोच.

लातूरहून उदगीर. पाऊस नुकताच उघडला होता. रस्त्याच्या दोन्ही अंगांना सोयाबीन पिवळे पडू लागले होते आणि मधून मधून तुरीचे हिरवे पट्टे डोलत होते. उदगीरला मी यापूर्वी एकदा आलो होतो, २०२२ च्या एप्रिलात, ९५ व्या अखिल भारतीय मराठी साहित्य संमेलनाला. तेव्हा सर्वांबरोबर किल्ला पाहिला, १७६० साली सदाशिवरावभाऊंनी निजामावर मिळवलेल्या विजयाचे गोडवे गायिले, पुस्तके घेतली आणि परतलो. त्याच गावात एका शाळेवर 'श्यामलाल' हे नाव आहे, तिकडे माझे लक्षही गेले नव्हते. भाई श्यामलाल हे उदगीरचे वकील आणि आर्य समाजाचे कार्यकर्ते. १९३८ च्या डिसेंबरात बीदरच्या तुरुंगात त्यांचा अंत झाला. गावात एकाच वेळी दोन इतिहास नांदत असतात. एक किल्ल्यासारखा लांबून दिसतो. दुसरा शाळेच्या पाटीवर असतो आणि तो वाचायला थांबावे लागते.

तिथून जवळच देवर्जनचे हत्तीबेट. कातळाची टेकडी, तिच्यात कोरलेल्या गुहा, वर गंगाराम महाराजांची समाधी. दर्शनाला येणारे नारळ फोडून जातात. याच बेटाच्या आश्रयाने १९४८ मध्ये आसपासच्या खेड्यांतल्या शेतकऱ्यांनी रझाकारांशी टक्कर दिली. वर उभे राहिले की मैलोगणती सपाट रान दिसते आणि इतक्या उघड्या मुलखात मूठभर माणसे लपत-लढत कशी असतील, याचा उलगडा त्या एका टेकडीकडे पाहून होतो. शेळ्या राखणाऱ्या एका पोराने मला आपण होऊन सांगितले, "इथं रझाकाराला आडवं केलतं." जणू कालच घडले होते.

दुसऱ्या दिवशी देगलूरवरून बिलोलीकडे गेलो. इथपासून तेलंगण हाकेच्या अंतरावर. बाजारात निम्मी बोली तेलुगू. बिलोलीजवळ अर्जापूर नावाचे गाव आहे आणि तिथे 'हुतात्मा पानसरे महाविद्यालय' आहे. कबूल करतो, की काही वर्षांपूर्वी हे नाव कुठेसे वाचून मला २०१५ साली कोल्हापूरला ज्यांचा खून झाला ते कॉम्रेड गोविंद पानसरे वाटले होते. हे पानसरे वेगळे. नाव तेच, गोविंदराव. पण हे गांधीविचाराचे कार्यकर्ते, स्टेट काँग्रेसचे काम करणारे. १९४६ च्या ऑक्टोबरात याच अर्जापुराजवळ त्यांना ठार मारण्यात आले. मराठवाड्याच्या लढ्यातले पहिले हुतात्मे म्हणून त्यांचे नाव घेतात.

आता गंमत पाहा. पुण्या-मुंबईकडे महाविद्यालयांना देणगीदाराचे नाव असते, नाहीतर संस्थापकाचे. या मुलखात ती हुतात्म्यांच्या नावाची आहेत. अर्जापूरला पानसरे, हिमायतनगरला जयवंतराव पाटील. शेजारच्या हिंगोली जिल्ह्यात वसमतला बहिर्जी शिंदे यांच्या नावाची शाळा. निजामी अमलात शिक्षणाची दारे ज्यांना जवळजवळ बंद होती, त्या मुलखाने स्वातंत्र्य मिळाल्यावर पुतळे उभारले ते पुढे. आधी शाळा काढल्या. हिप्परग्याच्या राष्ट्रीय शाळेत आणि नंतर अंबाजोगाईला स्वामी रामानंद तीर्थ स्वतः शिक्षक होते. हे लक्षात घेतले म्हणजे त्याचा अर्थ कळतो. त्यांच्या फौजेचा सेनापतीच मास्तर होता! त्यामुळे हुतात्म्याचे नाव इथे रोज घेतले जाते. प्रवेश-अर्जावर, हजेरीपटावर, गुणपत्रिकेवर, लग्नाच्या पत्रिकेत नवऱ्या मुलाच्या शिक्षणापुढेसुद्धा. रोज घेतलेले नाव गुळगुळीत होते हे खरे. पण विसरले जात नाही हेही तितकेच खरे.

अर्जापूरहून उमरी. मुदखेडहून निजामाबादेकडे जाणाऱ्या लोहमार्गावरचे हे बाजाराचे गाव. ३० जानेवारी १९४८ रोजी स्टेट काँग्रेसच्या सशस्त्र तरुणांनी इथली हैदराबाद स्टेट बँकेची शाखा लुटली आणि सुमारे वीस-एकवीस लाख रुपये लढ्यासाठी नेले. त्या काळचे वीस लाख! तारीख पुन्हा वाचा. त्याच दिवशी संध्याकाळी दिल्लीत गांधीजींची हत्या झाली. ज्यांचा फोटो घरात लावून ही पोरे मोठी झाली, त्या म्हाताऱ्याच्या मृत्यूची बातमी आली तेव्हा त्यांच्या हातात बंदुका होत्या आणि पोत्यांत नोटा. त्या रात्री त्यांच्या मनात काय आले असेल? हत्यार घ्यावे की नाही, हा वाद स्टेट काँग्रेसमध्ये तोवर पुष्कळ झाला होता. खेड्यापाड्यांत रझाकारांचा धुमाकूळ सुरू झाल्यावर त्यांनी तो एका अर्थी सोडवला. पण सोडवताना त्यांना सुख झाले असेल असे मला वाटत नाही. या लुटीतल्या पै न पैचा हिशेब ठेवला गेला, असे उमरीचे लोक अभिमानाने सांगतात. दरोड्याचा हिशेब ठेवणारे दरोडेखोर जगाच्या पाठीवर आणखी कुठे असतील तर मला ठाऊक नाहीत. ती बँक पुढे स्टेट बँक ऑफ हैदराबाद झाली आणि २०१७ साली भारतीय स्टेट बँकेत विलीन झाली. मी बाजारात चौकशी केली तेव्हा एक किराणा दुकानदार तराजू खाली ठेवून अर्धा तास उभ्या उभ्या ती हकीकत सांगत होता. गिऱ्हाईकही थांबले होते. कुरकुरले कोणीच नाही.

सोळाच्या संध्याकाळी नांदेडला पोचलो. गोदावरी भरून वाहत होती. गुरू गोविंदसिंगांनी १७०८ साली जिथे देह ठेवला त्या हुजूरसाहेब गुरुद्वाऱ्यात जाऊन लंगरमध्ये जेवलो. लखपती आणि हमाल एका पंगतीत. तलवारीची पूजा करणारा धर्म रोज हजारोंच्या ताटात पोळी वाढतो. शौर्य आणि सेवा यांची गाठ कशी असावी, हे तिथे न बोलता कळते. नांदेडच्या पीपल्स कॉलेजच्या आवारातही जाऊन आलो. स्वामीजींच्या पुढाकाराने १९५० साली सुरू झालेले हे महाविद्यालय, आणि नरहर कुरुंदकर इथले. मराठीच्या प्राध्यापकाने तिथे जरा वाकूनच चालावे. गावाबाहेर विष्णुपुरीला स्वामी रामानंद तीर्थ मराठवाडा विद्यापीठ आहे. त्याची स्थापना १७ सप्टेंबर १९९४ ची. पाहा, तारखेची निवडही किती नेमकी!

सतरा तारखेला सकाळी नांदेडच्या माता गुजरीजी विसावा उद्यानातल्या हुतात्मा स्मारकापाशी सरकारी ध्वजवंदन होते. मला मात्र दुसरा झेंडा खेड्यातच पाहायचा होता. म्हणून रात्रीच मामांच्या गावी गेलो. वाटेत कंधारचा किल्ला काळोखात नुसताच जाणवला. याच तालुक्यात कल्हाळी आहे. तिथल्या गढीवर रझाकारांशी झुंजताना गावकरी धारातीर्थी पडले. मामा त्या गावाचे नाव घेताना आजही हात जोडतात.

जेवणे झाली. ज्वारीची भाकरी, अंबाडीची भाजी, शेंगदाण्याची चटणी. मग मी मामांना विचारले, "मामा, आबांचं नाव गुरुजींच्या वहीत नाही. आबा काहीतरी करायचे, असं आजी म्हणायची ना?"

मामा बराच वेळ पानाला चुना लावत बसले. मग उठून त्यांनी माळवदाच्या खोलीतली ट्रंक उघडली आणि एक जुना छापील कागद आणला. स्वातंत्र्यसैनिकांच्या सन्मान निवृत्तिवेतनाचा अर्ज. केंद्र सरकारने १९७२ साली, स्वातंत्र्याच्या रौप्यमहोत्सवी वर्षात ती योजना सुरू केली होती. अर्जावर आबांचे नाव होते. पुढचे रकाने कोरे होते.

आबा बाजारकरी कापडवाले. आठवड्याचे सात बाजार करायचे. खण आणि लुगड्यांच्या गठ्ठ्यात चिठ्ठ्या घालून त्या सरहद्दीपलीकडे उमरखेडच्या तळाकडे पोचवायचे. दोनदा तपासणी झाली, दोन्ही वेळा खणांची घडी उलगडली नाही म्हणून जीव वाचला. इतके मला आजीकडून तुटक तुटक कळले होते. पुढचे मामांनी सांगितले.

"बाजारात आबांच्या शेजारी एक मुसलमान शिंपी बसायचा. आबा कापड विकणार, तो तिथंच मशिनीवर शिवून देणार. दोघांचं गिऱ्हाईक एकच. तो ना रझाकारात, ना कशात. पोलीस ॲक्शन झाली आणि वारं फिरलं, भाचेबुवा. वर्षभर मार खाल्लेली माणसं होती. त्यांच्यात लुटारूही मिसळले. सूड कुणावर घ्यायचा? जो सापडंल त्याच्यावर. शिंप्याचं घर पाच माणसांचं. आबांनी त्यांना रातोरात आणून बळदात लपवलं. तीन दिवस. तुमची आजी वरून भाकरी सोडायची. तिसऱ्या रात्री लोक दारात आले, 'बाहेर काढ' म्हणाले. आबा उंबऱ्यात बसून राहिले. म्हणाले, 'माझ्या अंगावरून जा.' गेले नाहीत ते. पण ते लोक कोण होते, ठाऊक आहे का? त्यांतले दोघं, ज्यांच्या चिठ्ठ्या आबा वर्षभर पोचवत होते ते."

मी अर्जाकडे पाहिले. सहकाऱ्याच्या दाखल्याचा रकाना कोरा का राहिला, ते माझ्या ध्यानात आले. दाखला ज्यांनी द्यायचा, त्यांच्याच वाटेत आबा आडवे बसले होते.

"मागितला असता तर त्यांनी दिला असता," मामा म्हणाले. "पुढं ओशाळलेच होते ते. पण आबा म्हणाले, मी त्यांना तोंड दाखवायला लावायचं नाही."

शिंप्याचे कुटुंब महिन्याभराने हैदराबादेकडे गेले. मशीन नंतर नेऊ म्हणाले होते. कोणी आले नाही, पत्रही नाही. त्या मशीनचे लोखंडी पाय अजून घरात आहेत. त्यांच्यावर फळी टाकून मामांनी टीव्ही ठेवला आहे.

ही एका घरची गोष्ट. पण ज्या मुलखात ती घडली तिथे त्या वेळी काय चालले होते, हे आता लपून राहिलेले नाही. पंडित सुंदरलाल यांच्या समितीने १९४८ च्या अखेरीस संस्थानात फिरून जो अहवाल दिला, त्यात पोलीस ॲक्शननंतर २७ ते ४० हजार माणसे मारली गेली असावीत, असा अंदाज आहे. सर्वांत जास्त झळ बसलेल्या जिल्ह्यांत उस्मानाबाद, म्हणजे आजचे धाराशिव, आणि नांदेड ही दोन्ही नावे आहेत. लातूर तेव्हा उस्मानाबादेतच होते. तो अहवाल कित्येक वर्षे प्रसिद्ध झाला नाही. दुसऱ्या बाजूला हेही विसरता येत नाही, की रझाकारांविरुद्ध लिहिले म्हणून १९४८ च्या ऑगस्टात हैदराबादेत ज्याचा खून झाला, तो 'इमरोज'चा संपादक शोएबुल्ला खान होता. जुलमाला धर्म नव्हता आणि धैर्यालाही नव्हता. रझाकारांशी लढणे हे शौर्य खरेच. त्याने हा मुलूख स्वतंत्र झाला. पण आपलीच माणसे दारात आली असताना उंबऱ्यावर बसून राहणे, यालाही दुसरे नाव मला सापडत नाही. पहिल्या शौर्याला स्मारक आहे, ताम्रपट आहे, महाविद्यालय आहे. दुसऱ्याला रकानाच नाही.

सकाळी जिल्हा परिषदेच्या शाळेत झेंडा झाला. मुलांनी धुतलेले कपडे घातले होते, डोक्याला तेल चोपडलेले होते. हेडमास्तरांनी मला पाहून 'पाहुण्यांनी दोन शब्द बोलावे' अशी विनंती केलीच. रात्री मी मामांना विचारून ठेवले होते. ते म्हणाले होते, "सांगा. पण ते दारात आले त्यांची नावं घेऊ नका. माणसं गेली, त्यांची पणतवंडं त्याच बाकावर बसतात."

मी नावे घेतली नाहीत. पानसऱ्यांची गोष्ट सांगितली, उमरीची सांगितली, मग गावातल्या एका बाजारकऱ्याची सांगितली. चिठ्ठ्यांचीही आणि बळदाचीही. व्यासपीठावर मी पुष्कळ वेळा बोललो आहे, पण त्या दिवशीइतका घसा कधी कोरडा पडला नव्हता. पोरे गप्प होती. मागे उभे असलेले दोन म्हातारे मान खाली घालून ऐकत होते. संपल्यावर खाऊ वाटताना चौथी-पाचवीतला एक मुलगा जवळ आला.

"मग तुमचे आबा हुतात्मे का?"

"नाही रे. ते म्हातारे होऊन गेले."

"मग त्यांचं नाव कुठं लिहायचं?"

स्मारकाच्या खांबावर नावे आहेत ती पडलेल्यांची. तिथे जागा नाही आणि तिथे ते असूही नये. मी म्हणालो, "वहीत लिही." त्याला ते पटले असावे, कारण हातातला बुंदीचा लाडू खिशात कोंबून तो वही आणायला पळाला.

परतीच्या वाटेवर लातूरला पुन्हा उतरलो आणि गुरुजींना गाठले. त्यांनी सगळे ऐकून घेतले. काही बोलले नाहीत. फक्त आपली वही उघडून आमच्या गावाचे पान काढले, आबांचे नाव लिहिले, पुढे 'कापड, चिठ्ठ्या' असे लिहिले, आणि क्षणभर थांबून खालच्या ओळीत 'उंबरा' हा एकच शब्द लिहिला.

पुण्याला आल्यावर पहिल्याच तासाला मी त्या मुलीची वही मागून घेतली. तांबडे प्रश्नचिन्ह पुसता येत नाही, म्हणून त्यावर काट मारली, समासातला शेरा खोडला आणि खाली लिहिले, 'विधान बरोबर आहे. निबंध आणखी मोठा हवा.'